न मोडलेल्या हाताचं प्लास्टर

शाळांना सुट्ट्या लागल्या की लोकांची पोरं आजोळी जातात. जी उरतात ती ताईकडे येतात, हातपाय मोडून.

ताई म्हणजे हॉस्पिटलात प्लास्टर घालणारी. तळमजल्यावर, एक्स-रेच्या शेजारी तिची खोली. खोलीला खिडकी एकच, आणि तीही प्लास्टरच्या भुकटीने आंधळी झालेली. त्या खोलीत ताई बावीस वर्षं उभी होती. तिला बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं, कारण खुर्ची एकच आणि ती पेशंटची. पट्टी बादलीत बुडवायची, बुडबुडे थांबले की काढायची, पिळायची, कापसावरून गुंडाळत न्यायची, तळव्याने गुळगुळीत करायची. आजवर तिने गुंडाळलेल्या पट्ट्या एकाला एक जोडल्या असत्या, तर चंद्राला गळपट्टा घालून वर गाठ मारायला टोक उरलं असतं. संध्याकाळी पाय असे सुजायचे, की बसमध्ये त्यांचं वेगळं तिकीट मागतील की काय अशी तिला धास्ती.

बरं, नुसतं काम असतं तर केलं असतं. पण प्रत्येक पोराची आई समोर उभी राहून रडायची आणि म्हणायची, “एवढंसं लक्ष नव्हतं हो माझं.” हे वाक्य दिवसातून वीस वेळा ऐकलं की माणसाचं काय होतं? ताईचं झालं ते असं, की आपल्या लेकीवरचं लक्ष तिने एक क्षण ढळू दिलं नाही.

लेक साडेनऊ वर्षांची. घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. नवरा बोटीवर मेकॅनिक, वर्षातले आठ महिने पाण्यावर. त्यामुळे घराचा कारभार एकटीचा आणि काळजीही एकटीचीच. ताईने काय केलं, तर हॉस्पिटलातून उरलासुरला कापूस आणला आणि घरातला एकेक कोपरा बांधून काढला. टेबलाचे चार कोपरे, पलंगाचे पाय, खिडकीची कड. वरून पट्टीही मारली, सवयीने. टेबलावर कप ठेवायला जावं तर वाटायचं, आधी टेबलाची तब्येत विचारावी. खालच्या मुलांनी एकदा दारातून हे पाहिलं आणि लेकीचं नाव पडलं कापशी. तिला पाच पायऱ्या उतरायच्या तरी कठडा दोन्ही हातांनी धरून उतरायची, म्हाताऱ्या बाईसारखी. आयुष्यात ती एकदाही धड पडली नव्हती. ताईला ह्याचा केवढा अभिमान.

सुट्टीत लेकीजवळ कुणी तरी हवं म्हणून ताईने आपल्या वडिलांना बोलावलं. इथेच ती चुकली असं तिला पुढे बरेच दिवस वाटत राहिलं.

म्हातारा चाळीस वर्षं कारखान्यांच्या चिमण्या आणि पाण्याच्या टाक्या रंगवत होता. दोर बांधून हवेत लटकायचं आणि ब्रश मारायचा. चाळीस वर्षांत कधी पडला नाही. पडला तो निवृत्त झाल्यावर, घरात बल्ब बदलताना, स्टुलावरून. तेव्हापासून एक पाय ओढत चालायचा आणि स्टुलाला शिव्या द्यायचा. थापा मात्र अजून शंभर फुटांवरूनच मारायचा.

“एकदा चिमणीच्या टोकावरून माझा ब्रश निसटला,” तो नातीला सांगायचा. “मी म्हटलं, जाऊ दे. दोर सोडवला, खाली उतरलो, चहा घेतला, दाढी केली. मग कुठे ब्रश खाली आला.”

“खरं, आजोबा?”

“तुझ्या आईला विचार. तिचा जन्म तो ब्रश वाटेत असतानाचा.”

ताईने निघताना बापाला पढवलं. धावू द्यायचं नाही, चढू द्यायचं नाही, उडी मारू द्यायची नाही, ओल्या फरशीवर मोजे घालून जाऊ द्यायचं नाही.

“श्वास घेतला तर चालेल ना?” म्हातारा म्हणाला.

“बाबा, थट्टा नको. मी रोज हाडं बघते.”

“मीही रोज आकाश बघत होतो. म्हणून काय ते अंगावर पडत होतं?”

ताईची बस चुकत होती. ती गेली.

इमारतीच्या मागे मोकळी जागा होती. तिथे कुठल्याशा गटारासाठी आणलेले सिमेंटचे मोठमोठे पाइप वर्षानुवर्षं पडून होते, एक अर्धवट भिंत होती आणि वाकड्या बुंध्याचं एक जुनं झाड. सुट्टीत त्या जागेवर बारातेरा पोरांचं राज्य असायचं. त्यांची पुढारीण बारा वर्षांची, पुढचा एक दात पडलेली आणि बोलायला तिखट. कोण कुठल्या फांदीपर्यंत जायचं ते ती ठरवायची. “तुझी अजून तिसरी फांदी नाही. आधी दुसरीवरून उतरून दाखव,” म्हणायची. चढायला कुणीही चढतं, उतरता आलं तरच पुढची फांदी, असा तिथला कायदा.

आजोबाने एक रिकामं पिंप पालथं घातलं आणि त्यावर बसला. नातीला तो चढ म्हणाला नाही आणि नको चढू असंही म्हणाला नाही. नुसता दुसरीकडे तोंड करून बसला आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत राहिला. कापशी चार दिवस झाडाखाली उभी. पाचव्या दिवशी तिने बुंध्याच्या गाठीवर एक पाय ठेवला, आणि काढला. सहाव्या दिवशी दोन्ही. एका आठवड्यात ती पहिल्या फांदीवर बसून पाय हलवत होती आणि पाइपातून सरपटताना तिचा आवाज एवढा घुमायचा की तिसऱ्या मजल्यावरची भांडी खणखणायची.

ताईला ह्यातलं काही ठाऊक नव्हतं. तिला एवढंच दिसलं की पोरगी ताटात दुसऱ्यांदा वाढून घेते आणि उशीला डोकं लागायच्या आत झोपते. एरवी हिला झोपवायला तासभर थोपटावं लागायचं. ताईने काय करावं? थर्मामीटर काढला आणि झोपलेल्या पोरीच्या काखेत लावला. ताप नव्हता. तिची काळजी आणखी वाढली.

मग एके दिवशी गुडघा सोलवटलेला दिसला.

“बाबा, हे काय?”

“गुडघा आहे,” म्हातारा म्हणाला. “दोन असतात.”

“तुम्ही तिला खाली नेलंत.”

“मी कुठे नेलं? ती आपल्या पायांनी गेली. मला तर लंगडत मागे जावं लागलं.”

ताई मोरीपाशी उभी राहून हात धूत होती. प्लास्टर नखांच्या कडांतून निघता निघत नाही. पाठमोरीच म्हणाली, “आज अकरा पोरं आली माझ्याकडे. अकरा. एका मुलाची दोन्ही मनगटं. त्याचं प्लास्टर घालताना तो विचारतो, आता माझं नाक कोण पुसणार?”

“कशावरून पडला?”

ताई नखं घासत राहिली.

“कशावरून पडला ते सांग ना.”

“पलंगावरून,” ताई म्हणाली. “मोबाइल बघता बघता.”

“हं,” म्हातारा म्हणाला. एवढंच. त्याने ‘बघ’ असंही म्हटलं नाही, आणि त्याचाच तिला जास्त राग आला.

कारण हे तिलाही दिसत होतं. आधीच्या सुट्ट्यांत पोरं झाडावरून, सायकलवरून, भिंतीवरून पडून यायची. आता येत होती ती सोफ्यावरून, पलंगावरून, सपाट फरशीवर सपाट चपलेत पाय मुरगळून. हाडांचे डॉक्टर एकदा एक्स-रे उजेडाला धरून म्हणाले होते, “ह्यांना पडताच येत नाही हो ताई. ओंडका पडावा तशी पडतात.” डॉक्टर पुढच्या पेशंटकडे गेले, आणि ताईने ते वाक्य ऐकलंच नाही असं ठरवलं. दिवसभर उभं राहिल्यावर नवं काही पटवून घ्यायला अंगात ताकद लागते. ती उरत नव्हती.

“उद्यापासून खाली नाही,” ती म्हणाली. आणि कापशी आयुष्यात पहिल्यांदा उलटून म्हणाली, “का पण? मी दुसऱ्या फांदीवरून उतरले. एकटी.”

ताईने ते वाक्य ऐकलं आणि रात्रभर तिला फांद्या दिसत राहिल्या.

दोन दिवस पोरगी घरात बसली. तिसऱ्या दिवशी आजोबाचा डोळा लागला आणि ती सटकली. भिंतीवरून चालताना घसरली, हातावर पडली. डावं मनगट दुखायला लागलं. म्हाताऱ्याने रिक्षा केली आणि तिला थेट ताईच्या खोलीत आणलं, कारण दुसरीकडे नेण्यात अर्थ नव्हता.

ताईने लेकीला दारात पाहिलं आणि हातातली ओली पट्टी बादलीत पडली. बावीस वर्षांत पहिली पट्टी वाया गेली.

एक्स-रे निघाला. डॉक्टरांनी बघितला, मनगट दाबलं, बोटं हलवायला लावली. मग ताईला शेजारी एक्स-रेच्या खोलीत बोलावलं. “काही नाही झालं. हात पुढे टाकून, वळून पडलीय पोरगी, छान पडलीय. दोन दिवस साधी पट्टी बांधा,” म्हणाले, आणि राउंडला निघून गेले. आजोबा बाहेर बाकड्यावर बसला होता, त्याला डॉक्टर दिसले फक्त पाठमोरे.

खोलीत ताई आणि कापशी. एकटी खुर्ची, त्यात पोरगी. ताईचे पाय ठणकत होते. सकाळपासून नऊ प्लास्टरं झाली होती. साधी पट्टी बांधायची, दोन दिवसांनी ही परत भिंतीवर. सुट्टीचे अजून चार आठवडे. चार आठवडे रोज दार उघडलं की ताईने बघायचं, हीच आली का. तिचा हात बादलीकडे गेला. खरं सांगायचं तर आधी हात गेला आणि मन मागून लंगडत आलं. कापूस गुंडाळला. पट्टी बुडवली, बुडबुडे थांबले, पिळली. कोपराच्या खालपासून बोटांच्या मुळांपर्यंत, आयुष्यातलं सगळ्यात सुबक प्लास्टर तिने लेकीच्या धडधाकट हाताला घातलं.

“मोडला?” कापशीने विचारलं.

“बारीक तडा आहे,” ताई म्हणाली. “चार आठवडे. भार टाकायचा नाही. टाकलास तर वाकडा राहील जन्मभर.”

“गरम लागतंय.”

“सुकताना लागतं तसं.”

खोली पुसणाऱ्या मावशी दारात उभ्या होत्या. त्यांनी शेजारची खोली पुसताना डॉक्टरांचं बोलणं ऐकलं होतं. त्यांनी पोरीच्या हाताकडे बघितलं, ताईकडे बघितलं, आपली बादली उचलली आणि पाणी बदलायला गेल्या. पाणी अजून स्वच्छ होतं.

त्यानंतर तीन दिवस ताईला अशी झोप लागली की शेजारी तोफ उडवली असती तरी तिने कूस बदलून तोफेला ‘हळू’ म्हटलं असतं. पोरगी घरात. पलंगावर. हात गळ्यात. ताई कामावर निर्धास्त.

चौथ्या दिवशी तिच्या लक्षात आलं की घरात कुणी बोलत नाही.

बाप थापा मारेनासा झाला होता. पेपर हातात धरून बसायचा, पान उलटायचा नाही. जेवायला बसला की आधी नातीच्या प्लास्टरकडे बघायचा. एका संध्याकाळी ताई आली तर त्याची पिशवी भरून दाराशी ठेवलेली.

“कुठे निघालात?”

“घरी. रविवारी जातो.”

“आणि हिला कोण बघणार?”

“मी बघितलं म्हणून तर हे झालं,” म्हातारा म्हणाला. “माझा डोळा लागला. चाळीस वर्षं दुसऱ्यांचे दोर बांधले मी. माझी गाठ सुटून कधी कुणी पडलं नाही. आणि नातीचा हात मोडला. तू बरोबर होतीस, बाळ. माझंच चुकलं.”

आता तरी सांगायचं की नाही? ताईने तोंड उघडलं. “चहा ठेवते,” म्हणाली आणि आत गेली. बापाने आयुष्यात तिला ‘तू बरोबर होतीस’ म्हटलं ते हे पहिल्यांदा. तेही फुकटचं निघालं.

कापशीची तऱ्हा वेगळी. ती पुन्हा कमी जेवू लागली. पुन्हा तासभर जागी. खिडकीतून खाली बघत बसायची, कापूस बांधलेल्या कडेवर हनुवटी टेकून. ताईने विचारलं, “काय बघतेस गं?” तर म्हणाली, “माझी फांदी दुसऱ्याला दिली.”

शनिवारी हॉस्पिटलात गर्दी कमी होती. ताई दोन तास आधी सुटली. बसमधून उतरली, आणि इमारतीच्या मागून काहीच आवाज येत नाही हे तिच्या कानाला लागलं. बारातेरा पोरं आणि आवाज नाही. एक वेळ समुद्र गप्प बसेल. ताई वळून मागे गेली.

सगळी पोरं झाडाखाली गोळा झाली होती, माना वर. आणि वर, तिसऱ्या फांदीच्याही वर, जिथे बुंध्याला दोन फाटे फुटतात तिथे कापशी. उजव्या हाताने एक फाटा धरलेला, डावा पांढरा हात छातीशी घट्ट. पाय एका गाठीवर. दुसऱ्या पायाला जागा नाही.

ताईने श्वास घेतला ओरडायला. पुढारीण पळत आली आणि तिच्यासमोर उभी राहिली.

“काकू, ओरडू नका. आवाज दिला की ती खाली बघते. खाली बघितलं की पाय थरथरतात तिचे.”

“कधीपासून आहे वर?”

“बराच वेळ झाला. मी तिला म्हटलं होतं, एका हाताने चढशील, उतरशील कशी? तर तिने ऐकलं नाही. म्हणाली, माझी फांदी घेतली ना, मी तिच्या वरची घेते.” पुढारिणीचा आवाज चिरकला. बाराच वर्षांची होती ती. “उतरायला दोन्ही हात लागतात तिथून. डाव्या हाताने तो खालचा फाटा धरून लोंबायचं आणि पाय टाकायचा. पण ती धरत नाही. म्हणते हात वाकडा राहील.”

शिडी आणायला एक पोरगा गेला होता. शिडी होती समोरच्या दुकानात आणि दुकान बंद. म्हाताराही आला होता, पाय ओढत, धापा टाकत. त्याने वर एकदा बघितलं आणि त्याला कळलं, ज्याने चाळीस वर्षं अशीच माणसं बघितली त्याला कळणारच. हळूच म्हणाला, “तिचा उजवा हात थकलाय. फार वेळ नाही.”

ताई झाडाखाली उभी. वर लेक, शेजारी बाप, भोवती पोरं. पोरीला खाली यायला जे हवं होतं ते पोरीजवळच होतं, चांगलं धडधाकट, तिच्याच छातीशी धरलेलं. आणि ते तिला वापरू देत नव्हती ती ताई. बावीस वर्षांत तिला कधी एवढं दमल्यासारखं वाटलं नव्हतं. पण हे दमणं पायांचं नव्हतं.

“ऐकतेस का,” ती म्हणाली. ओरडून नाही. पोराला बोटं हलवायला सांगते त्याच आवाजात. “खाली बघू नकोस. नुसतं ऐक. डाव्या हाताने तो फाटा धर. बोटं मोकळी आहेत तुझी, आवळ ती.”

“नाही धरणार. तूच म्हणालीस.”

“मी म्हणाले ते खोटं होतं.”

पांढरा हात तसाच छातीशी.

“हात मोडलेला नाही,” ताई म्हणाली. “तडा नाही, काही नाही. डॉक्टर म्हणाले होते, काही झालं नाही. मी उगाच प्लास्टर घातलं.”

पोरांनी माना खाली केल्या आणि ताईकडे बघितलं. बापाने बघितलं नाही. तो वरच बघत राहिला, पण त्याचा हात झाडाच्या बुंध्यावर टेकला.

“का?” वरून आवाज आला, बारीक.

“तू खाली जाऊ नयेस म्हणून.”

मग पांढरा हात छातीपासून हळूहळू निघाला. फाट्यावर गेला. बोटं उघडली, आवळली. प्लास्टर सालीवर घासल्याचा खरखर आवाज आला.

“दुखतंय?” ताईने विचारलं.

“नाही.”

“मग टाक भार.”

कापशी लोंबली. पाय हवेत आले, आणि खाली उभ्या असलेल्या प्रत्येकाचे पायही जणू त्याच क्षणी जमिनीवरून सुटले. पुढारीण म्हणाली, “डावा पाय, थोडा मागे, अजून मागे, हां, तीच गाठ.” पाय गाठीवर आला. मग तिसरी फांदी, दुसरी, पहिली. शेवटी उडी. गुडघे वाकवून, हात पुढे, धुळीत. उठली, कपडे झटकले. ताईने हात पुढे केला तर तिच्या बाजूने नीट वळसा घालून पोरगी आजोबाजवळ गेली.

“आजोबा, तुमच्यामुळे नाही मोडला,” ती म्हणाली. “मोडलाच नव्हता.”

“ऐकलं मी,” म्हातारा म्हणाला.

जिन्यात म्हातारा एक मजला चढून थांबला, कठड्याला टेकला. ताई एक पायरी खाली थांबली.

“बाबा.”

“पाच दिवस,” तो म्हणाला. “पाच दिवस मी तो हात बघत जेवलो.”

“हो.”

“मी आयुष्यभर थापा मारल्या गं. हजार मारल्या असतील. पण माझ्या थापेने कुणाचं जेवण गेलं नाही.” मग थोड्या वेळाने, “पाय दुखतायत का तुझे?”

“हो.”

“माझे पण,” म्हणाला आणि चढू लागला.

ताईने स्वयंपाकघरात टब भरून प्लास्टर भिजवलं आणि कात्रीने कापलं. खालून हात निघाला तो जरा फिका, सुरकुतलेला, कापसाच्या धाग्यांनी चिकट. कापशीने तो वळवून बघितला, मूठ आवळली, सोडली. कापलेलं प्लास्टर तिने स्वतः कचऱ्यात टाकलं. नंतर झोपायच्या आधी टेबलाच्या चारही कोपऱ्यांचा कापूस उपटून त्याच्यावर टाकला. ताई बघत होती. काही म्हणायला तोंड नव्हतं, आणि ताकदही.

म्हातारा रविवारी गेला नाही. पिशवी दाराशीच राहिली, उघडली नाही, उचललीही नाही. दोन दिवस तिला वळसा घालून सगळे ये-जा करत होते. सोमवारी त्याने त्यातून दाढीचं सामान काढलं.

कापशी मात्र आईशी बोलत नव्हती. सकाळी ताई निघताना दारात थांबायची. एरवी इथे तिची नाही-नाहीची यादी सुरू व्हायची. आता काय म्हणायचं ते सुचेना. सोमवारी म्हणाली, “खाली जाशील ना?” मंगळवारी म्हणाली, “बूट घालून जा, चपलेने घसरतं.” संध्याकाळी दाराशी धुळीने माखलेले बूट दिसले. दिवसभर हॉस्पिटलात दार वाजलं की मान आधी तिकडे वळायची. दार उघडायचं, दुसऱ्या कुणाचं तरी पोर असायचं, ताई पट्टी बुडवायची. भीती गेली नव्हती. ती कुठे जाते? तिला एका बाजूला सरकवून काम करायचं, एवढंच.

बुधवारी सात प्लास्टरं आणि एक मोठं, कंबरेपासूनचं. बस उभ्याने. ताई इमारतीपाशी आली तर कापशी खालच्या पायरीवर बसलेली. केसांत पालापाचोळा. ताई जवळ आली तशी तिने काही न बोलता उजवा हात पुढे केला. कोपर सोलवटलं होतं, तळव्यापर्यंत खरचटलेलं, थोडं रक्त, बरीच माती.

ताई वाकली. हात धरला. बावीस वर्षांच्या सवयीने अंगठा हाडावरून फिरायला निघाला, आणि तिने तो थांबवला.

“तूच सांग,” ती म्हणाली. “कसं दुखतंय?”

कापशीने तिच्याकडे नीट बघितलं, खोटं बोलणाऱ्या माणसाकडे बघतात तसं, वेळ घेऊन.

“मी दाबून बघितलं,” ती शेवटी म्हणाली. “आत नाही दुखत. वरवर दुखतंय. जळजळतंय नुसतं.”

“बोटं?”

“हलतात.”

“मग धुऊन घे. मी नाही येत धुवायला, माझ्याने आता जिना चढवत नाही.”

“एक्स-रे?”

“नको.”

“खरंच नको?”

“खरंच.”

पोरगी अजून बघत होती. विश्वास बसला की नाही ते तिच्या तोंडावरून कळत नव्हतं, आणि ताईने विचारलंही नाही. मागून पुढारिणीची हाक आली. कापशी उठू लागली.

“सरक थोडी,” ताई म्हणाली. “सकाळपासून उभी आहे.”

कापशी सरकली. ताई पायरीवर बसली, चपला काढल्या, पाय पुढे पसरले. पोरगी एक क्षण तिच्या सुजलेल्या पायांकडे बघत राहिली, मग धूळ उडवत पाइपांच्या दिशेने पळाली, हात न धुताच. ताईने तिला परत बोलावलं नाही. तिथेच बसून राहिली.